गच्चीवरचा मृग बहार: दोन पिंपं, एक बॅग, एक वही

१६ मार्च २०२५

वही आजपासून. गेल्या पावसाळ्यात गच्चीवरच्या पेरूंना मरणाची फळं लागली आणि त्यातलं एकही धड खाता आलं नाही. ऑगस्टमध्ये आईने कौतुकाने एक कापला, बाहेरून छान पिवळसर, आतून पाणचट, आणि ताटलीत ठेवला तर त्यातून पांढऱ्या अळ्या अक्षरशः उड्या मारायला लागल्या. आई म्हणाली, "हा पेरू शाकाहारी नाही." तेव्हापासून घरात तो विनोद चालू आहे आणि मला तो आता पुरे झालाय.

मामाला फोन केला (राहात्याला पेरूची बाग आहे, चार एकर). तो म्हणाला, "अगं तू आंबे बहार घेतेस आणि पावसाळ्यात गोड पेरू मागतेस, कसं व्हायचं? मृग धर. हिवाळ्यात खा."

मला बहार वगैरे फक्त ऐकून माहीत होतं. तर प्रकरण असं की पेरूला आपल्याकडे मोकळं सोडलं तर तो वर्षभर थोडा थोडा फुलत राहतो. जानेवारी-फेब्रुवारीपासून जो फुलतो तो आंबे बहार, त्याची फळं पावसाळ्यात. जून-जुलैत फुलतो तो मृग, त्याची फळं नोव्हेंबरपासून. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, त्याची फळं उन्हाळ्याच्या तोंडाला. पावसाळी फळात पाणी जास्त, गोडी कमी आणि फळमाशी जोरात. थंडीत माशी कमी होते आणि फळ सावकाश भरतं म्हणून गोडही होतं. तर आपण यातला एकच बहार धरायचा आणि बाकीचे येऊ द्यायचे नाहीत. त्यासाठी झाडाला ऐन उन्हाळ्यात तहानलेलं ठेवायचं, ह्याला ताण देणं म्हणतात. शेतात ठीक आहे, पण पिंपात? मामा म्हणाला, पिंपात अजून सोपं, पाणी तुझ्याच हातात आहे ना.

(हे वाक्य लक्षात ठेवा.)

सामान: २०० लिटरचं निळं पिंप मधोमध कापून केलेले दोन अर्धे, खाली भोकं, दोन्हीत सरदार पेरू, एकाच नर्सरीतून एकाच दिवशी आणलेली कलमं, आता चार वर्षांची. शिवाय १८ इंची ग्रो बॅगमध्ये एक 'तैवान पिंक' पेरू, दोन वर्षांचा, अजून फळ नाही. आणि एक पपई, तिच्याबद्दल नंतर. पिंपं बीमच्या वर ठेवलीयत कारण भिजलेल्या मातीसकट एकेक दीडशे किलोच्या घरात जातं आणि सोसायटीत खालच्या मजल्याचं छत कुठेही ओलं दिसलं की माझ्याकडेच बोट जातं.

सरदारचं एक सांगायला पाहिजे. ह्याचं जुनं नाव लखनौ-४९, त्यामुळे मी इतकी वर्षं त्याला उत्तरेकडचा पाहुणा समजत होते. प्रत्यक्षात ह्या वाणाची निवड १९२७ साली इथेच पुण्यात, गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चिमांनी केली. म्हणजे आमच्या कर्वेनगरहून रिक्षाने अर्धा तास. गाववालाच निघाला.

६ एप्रिल

आंबे बहार खुडला. फुलं, कळ्या आणि वाटाण्याएवढी झालेली फळं, सगळं. पिंप १ वर ४१, पिंप २ वर ३६. आई दारात उभी राहून बघत होती आणि प्रत्येक फळाला "अगं हे तरी ठेव" म्हणत होती. एक ठेवलं तर झाडाची ताकद तिकडे जाते हे तिला पटलं नाही, मलाही खुडताना फारसं पटत नव्हतं. शेतकरी हे काम युरियाच्या फवाऱ्याने करतात पण दोन झाडांसाठी एवढं कोण करणार, बोटं आहेत.

२० एप्रिल

पाणी तोडायला सुरुवात. ह्या दिवसांत एका पिंपाला रोज साधारण ८ लिटर जातं. एकदम बंद नाही केलं, दोन दिवस ४, दोन दिवस २, मग शून्य. मामाकडे काळ्या जमिनीत ताण बसायला दीड-दोन महिने लागतात, हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना. पिंपात माती ती केवढीशी, आणि पिंपाच्या कडा उन्हाने इतक्या तापतात की हात ठेववत नाही, आतली बारीक मुळं भाजून निघायची. म्हणून दोन्ही पिंपांना बाहेरून गोणपाट गुंडाळलं.

बॅगवाल्याला ताण द्यायचा नाही असं ठरलंय, तो लहान आहे. तरी एक दिवस विसरले तर दुपारी असा मान टाकून बसला की घाबरून रात्री दोन तांबे घातले.

४ मे

चौदा दिवस. पानं आधी निस्तेज झाली, मग कडा वर वळून पन्हळीसारखी झाली, आता खालची पिवळी पडून गळायला लागलीत. मातीला काठावर बोट जाईल एवढी भेग. भरतकामाची लांब सुई खोल खुपसून बघते, कोरडी ठणठणीत बाहेर येते. पण फांदीला नखाने किंचित खरवडलं की आत हिरवं आहे, म्हणजे जिवंत आहे. हे रोज सकाळी करते, आयसीयूत राऊंड घेतल्यासारखं.

शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या, म्हणाल्या, "मेली का गं झाडं? सांगायचंस ना, मी घातलं असतं पाणी." हात जोडून सांगितलं की काकू, प्लीज, कृपा करून एक थेंबही नको.

मामाने झाड मुद्दाम उपाशी ठेवण्यामागचं कारण सांगितलं ते असं. पाणी मिळत राहिलं की झाड नुसती वाढ करत बसतं, पालवी, पालवी, पालवी. पाणी तुटलं की वाढ थांबते पण पानं थोडंफार अन्न बनवतच असतात, ते खर्च न होता फांद्यांत साठतं. मग पाणी सोडलं की एकदम जी नवी फूट येते ती कळ्या घेऊनच येते. पेरूला फूल नव्या फुटीवरच लागतं, जुन्या लाकडावर नाही, म्हणून हा सगळा खटाटोप नवी फूट एका वेळी आणि भरल्या पोटी काढायचा आहे.

१३ मे

संध्याकाळी पाऊस! मे महिन्यात! ऑफिसमधून निघाले तेव्हा आभाळ काळं, घरी पोचेपर्यंत धो धो. गच्चीवर धावत गेले, हाताला लागला तो मागच्या गणपतीचा फ्लेक्स. मधे खोडासाठी चीर पाडली, पिंप १ च्या तोंडावर पसरून सुतळीने आवळला. पिंप २ ला भाजीवाल्याच्या पिशव्या आणि आईचं जुनं शॉवर कॅप (हसू नका). तोपर्यंत अर्धा तास गेलाच होता पण माती इतकी कोरडी होती की बरंचसं पाणी कडेच्या भेगांतून सरळ खाली निघून गेलं. बहुतेक वाचलं.

१७ मे

रोज येतोय. ह्याला वळीव म्हणायचं की काय म्हणायचं. वळीव कसा, तासभर धिंगाणा घालतो आणि जातो, मातीचा वास वगैरे. हा मुक्कामाला आल्यासारखा वागतोय.

एक शिकले, फ्लेक्स लावला तरी पाणी फांद्यांवरून खोडावर आणि खोडावरून ओघळून चिरेतून आत जातं. मग जुनी सायकल ट्यूब खोडाभोवती गुंडाळून फ्लेक्सची चीर तिच्यावर चढवून बांधली, आता पाणी बाहेरच्या बाहेर पडतं. पिंप २ साठी दुसरा फ्लेक्स शोधतेय. एरवी चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा लटकत असतात, आता गरज आहे तर एकाही नगरसेवकाचा वाढदिवस नाही.

२१ मे

पिंप २ गेलं. म्हणजे झाड नाही गेलं, ताण गेला. रात्रीच्या वाऱ्याने पिशव्या उडाल्या, सकाळी पिंपात तळं. मामाला फोन केला तर तो स्वतःच्याच वैतागात, त्याच्या बागेतही तीच तऱ्हा, चार एकराला फ्लेक्स कुठून आणणार. "पाणी तुझ्याच हातात आहे ना," असं मी त्याला ऐकवणार होते पण नाही ऐकवलं.

२६ मे

हवामान खात्याने आज मान्सून मुंबईत आणि पुण्यात दाखल झाल्याचं जाहीर केलं. मुंबईत तर ११ जून ही नेहमीची तारीख, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणे. मृग नक्षत्र लागायला अजून दहा-बारा दिवस आणि आमचा मृग बहार गच्चीवर छत्री धरून उभा.

१ जून

पिंप १ चा ताण आज आपणहून सोडला. एप्रिलअखेरपासून पाच आठवडे कोरडं ठेवलंय, पानं निम्म्याच्या वर गळलीत, अजून ताणलं तर फांद्या वाळतील. फांद्यांची टोकं वीतभर छाटली. वरची दोन बोटं माती हलकी केली, ३ किलो शेणखत, ३०० ग्रॅम निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. मग पाणी, पण थोडं. मामाचा दम होता की एकदम भडाभडा ओतू नकोस, आधी आंबवणी, मग चिंबवणी, मग भरपूर. म्हणून आज ३ लिटर, चार दिवसांनी ६, त्यानंतर फ्लेक्स काढून आभाळाच्या हवाली.

पिंप २ ला ह्यातलं काही करायची गरजच नाही, ते दहा दिवसांपासून हिरवंगार होऊन नाचतंय. लांबलचक कोवळ्या फुटी, कळी एकही नाही.

१५ जून

पिंप १ ला फूट आली! प्रत्येक छाटलेल्या टोकाखाली दोन-दोन, लालसर, मखमली लव असलेली पानं.

२२ जून

कळ्या. चष्मा लावून बघितलं, नव्या फुटीच्या तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बेचक्यात, दोन्ही बाजूंना, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. आईला वर बोलावलं. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याचसाठी ते झाड महिनाभर छळलंस?"

६ जुलै

आज उघडली. पेरूचं फूल मी इतकी वर्षं नीट बघितलंच नव्हतं बहुतेक. पाकळ्या पांढऱ्या, चार-पाच, त्या काही विशेष नाहीत, पण मधे पुंकेसरांचा एवढा मोठा झुबका, टोकाला फिकट पिवळे ठिपके. सकाळी सात वाजता फुलोरी माश्या त्या झुबक्यात अक्षरशः लोळत होत्या, मागचे पाय पिवळे करून निघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे केसर फरशीवर गळून पडलेले, कोणी पांढरे दोरे कातरून टाकल्यासारखे. भुरभुर पाऊस चालेल, पण सकाळी जोराचा आला की माश्या येत नाहीत, मग त्या दिवशीची फुलं फुकट.

१३ जुलै

पिंप २ चं काय करायचं ह्यावर मामाने दुसरा उपाय सांगितला, फांद्या वाकवायच्या. फांदीच्या टोकाकडची दहा-बारा जोड्या पानं ठेवायची, त्याच्या मागची सगळी पानं काढून फांदी नागडी करायची, मग सावकाश खाली ओढून आडवी बांधायची. उभ्या फांदीत जोर सगळा शेंड्याकडे जातो, आडवी केली की मधले झोपलेले डोळे जागे होतात आणि ती फूट कळ्या घेऊन येते. सुतळी, चार विटा, दोन जुने डंबेल (नवऱ्याच्या २०१९ च्या संकल्पाचे, आता कुठे उपयोगी पडले). एक फांदी कडकन मोडली. बाकी सात वाकल्या. झाड आता कोळ्यासारखं दिसतंय. सोसायटीतली मुलं बघायला आली होती.

२७ जुलै

पपई गेली. पावसाने बुंध्यापाशी पाणी साचलं, बुंधा मऊ पडला, हात लावला तर साल सरकून हातात आली आणि कुजका वास. पपईला पाय ओले चालत नाहीत हे माहीत होतं, भोकं मुळांनी बुजलीयत हे माहीत नव्हतं. ह्या विषयावर एवढंच.

१० ऑगस्ट

पिंप १ वर ६३ फळं धरली, सुपारीएवढी. विरळणी केली, ३८ ठेवली. जिथे तीन होती तिथे एक-दोन. ह्यावेळी आई काही बोलली नाही, उलट तिनेच दोन वेडीवाकडी दाखवली.

पिंप २ च्या नागड्या फांद्यांवर फूट आलीये आणि कळ्याही आहेत!! सुतळ्या अजून सोडल्या नाहीत.

१७ ऑगस्ट

फळमाशीचा बंदोबस्त. कृषी केंद्रातून मिथाइल युजेनॉलची गोळी आणि सापळ्याचा डबा आणला, तीन दिवसांत ४० माश्या. पण हुरळून जायचं नाही, ह्या वासाला फक्त नर येतात. फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते ती मादी. नर कमी झाले की पुढची पिढी कमी होते एवढंच, आणि शेजारच्या सोसायट्यांत पेरू, आंबे, काय काय आहे, तिथून रोज नव्या येणारच. म्हणून खरा उपाय पिशवी. फळ लिंबाएवढं झालं की आधी फोमची जाळी, त्यावर पातळ न विणलेल्या कापडाची पिशवी, देठाशी बांधायची. सुरुवातीला पैसे वाचवायला वर्तमानपत्राच्या केल्या होत्या, एका पावसात लगदा, फळांवर राशिभविष्य छापलं गेलं.

पडलेलं फळ मातीत राहू द्यायचं नाही, अळी मातीत शिरून तिथेच कोष करते. गेल्या वर्षी मी सडकी फळं "खत होईल" म्हणून पिंपातच पुरत होते. म्हणजे माश्या मीच पाळल्या होत्या.

३१ ऑगस्ट

पिंप २ फुललं. आठ आठवडे मागे.

२१ सप्टेंबर

पिठ्या ढेकूण. पिशव्यांच्या आत! बाहेरून कळतच नाही, मुंग्यांची रांग दिसली म्हणून एक पिशवी सोडली तर देठाशी कापूस लावल्यासारखा पांढरा थर. मुंग्या त्यांचा चिकट गोडवा खायला येतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, स्वतःच इकडून तिकडे नेऊन ठेवतात. अकरा पिशव्या सोडल्या, जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासलं, लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल संध्याकाळी फवारलं. खोडाला वीतभर उंचीवर चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस, मुंग्यांचा रस्ता बंद. फांद्या भिंतीला टेकत नाहीत ना ते बघायचं, नाहीतर त्या भिंतीवरून येतात. पूर्ण रविवार गेला.

१९ ऑक्टोबर

ऊन परत तापलंय. पावसात पाणी घालायची सवय गेली होती, दोन दिवस दुर्लक्ष झालं आणि एक फळ तडकलं. आता रोज सकाळी मोजून ६ लिटर. पोटॅशसाठी ०:०:५० हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पानांवर. दिवाळीच्या साफसफाईत आईने गोणपाट फेकायला काढलं होतं, परत आणून बांधलं.

८ नोव्हेंबर

पहिला पेरू. पिशवी सोडली तर गडद हिरव्याचा पोपटी-पिवळा झालेला, देठाशी किंचित खडबडीत, आणि वास. पिशवी उघडल्याबरोबर आला. २१० ग्रॅम भरला. कापताना आई सुरी घेऊन थांबली, म्हणाली, तूच काप. कापला. स्वच्छ, पांढराशुभ्र, काही हललं नाही.

तिखट-मीठ न लावता पहिली फोड खाल्ली. मग लावून खाल्ली.

२३ नोव्हेंबर

मामा लग्नाला पुण्यात आला होता, येताना रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली गोडी मोजायचं यंत्र, घेऊन आला. दोन थेंब रस काचेवर, उजेडाकडे तोंड करून बघायचं. गोडी ११.८ आली. तो म्हणाला, पिंपाच्या मानाने ठीक. मी म्हटलं तुमचा किती? तर विषय बदलला. नंतर जेवताना सांगितलं, बागेला ताण नीट बसलाच नाही, बहार पुढे-मागे फुटला, एका तोड्याला माल थोडाच निघतो आणि मजूर मात्र तेवढेच लागतात. माझं काय, मागे-पुढे आलं तर रोज एक खायला मिळतो, त्याला गाडी भरायची असते.

आईने त्याच्यासाठी पेरूचं पंचामृत केलं, दाण्याचं कूट, तीळ, चिंच-गूळ. दोन वाट्या घेतल्या.

७ डिसेंबर

थंडी पडल्यापासून फळं पिकायची घाई करत नाहीत. ऑगस्टमध्ये पोपटी झालेलं फळ दोन दिवसांत मऊ पडून गळायचं, आता आठ-आठ दिवस झाडावर तसंच थांबतं, सालीवर लालसर ठिपके येतात. आत्तापर्यंत पिंप १ वरून २६ उतरवली, ५ किलो १०० ग्रॅम. चार खारीने नेली, पिशवी कुरतडून, आणि अर्धी खाऊन बाकीची तिथेच लटकत ठेवली, पूर्ण खाल्ली असती तर इतका राग आला नसता.

आणि आता 'तैवान पिंक'. बॅगवाल्याला एकच फळ लागलं होतं, त्याला सगळ्यात जास्त जपलं होतं. गुलाबी गर म्हणून पाहुण्यांसमोर कापला. पांढरा. दूध पांढरा. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मॅडम थंडीत कलर कमी येतो." कमी म्हणजे किती कमी हो?

११ जानेवारी २०२६

पिंप १ संपलं, एकूण ३३ हाती लागली. आणि आता, ज्याचा ताण मोडला म्हणून मी मे महिन्यात रडत होते त्या पिंप २ चा पहिला पेरू आज निघाला. मोडलेल्या फांदीमुळे फळं कमीच, २२ आहेत, पण १६५ ते २४० ग्रॅमची. मामाचं यंत्र त्याच्याबरोबर गेलं त्यामुळे आकडा नाही, आईचं मत हा जास्त गोड आहे, माझं मत तिने तो तिळाच्या वडीनंतर खायला नको होता.

पुढच्या वर्षी पिंप १ ला ताण, पिंप २ ला मुद्दाम जुलैत वाकवायचं. ताण एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करायचा आणि माती पाणी तोडल्याच्या दिवशीच झाकायची, पावसाची वाट बघायची नाही. काल कोपऱ्यावर कोणाच्या तरी अभिनंदनाचा १० बाय ८ चा फ्लेक्स उतरवत होते, मागितला तर दिला. जिन्याखाली ठेवलाय. आई विचारत होती, हे गृहस्थ कोण, आणि आपल्या जिन्याखाली का हसतायत.